गोडनिंबाची फूट



लाखनी सोडून सिंगापूरला करमते कसे, असे सगळे विचारता. खरे सांगतो, झाडांमुळे करमते. १९६३ साली तिथले पंतप्रधान ली क्वान यू यांनी वृक्षलागवडीची मोहीम सुरू केली. आज रस्त्यांवर रेन ट्रीच्या कमानी आहेत. संध्याकाळी त्यांची पाने मिटतात. कामावरून परतताना ते पाहत उभे राहावेसे वाटते.

आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. दारापुढे तुळस, मनीप्लांट, गोडनिंब अशा सात कुंड्या आहेत. कुंडीखालच्या बशीत पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या तर तिथे दंड होतो. म्हणून रोज सकाळी बशा रित्या करतो आणि त्या निमित्ताने एकेक पान पाहून होते. नवा कोंब दिसला की दिवस बरा जातो.

पण विषुववृत्ताजवळचे ते शहर बारा महिने हिरवेच. फाल्गुनात पाने टाकून लाल होणारा आपला पळस मला तिथे दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. नंतर आलो तेव्हा सांदवाडीतला तिचा गोडनिंब वाळला होता. परदेशात सात कुंड्या जपणाऱ्या मला घरचे एक झाड जगवता आले नाही.

काल घर उघडले, तर त्याला बुडातून हातभर फूट आलेली. शेजारी राहणारा आपला वर्गमित्र मला न सांगता पाणी घालत होता. तो इथेच, मागच्या रांगेत बसला आहे. आजही तो मागेच बसतो.

गड्या, तुझे आभार कसे मानू?