चेन कुळाची वास्तु

पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तु म्हटली कीं, अंधारी, निःशब्द आणि धुपाच्या वासानें भरलेली अशी एखादी जागा डोळ्यांपुढें येते. दक्षिण चीनमधील कँटन, म्हणजेच आजचें ग्वांगझौ, या शहरांतील चेन कुळाची पितृवास्तु पाहावयास मी निघालों तेव्हां माझीहि कल्पना अशीच होती. भुयारी रेल्वेच्या ज्या स्थानकावर आपण उतरतों त्यालाहि या वास्तूचेंच नांव आहे. जिना चढून वर आलों आणि समोर पाहतों तों छपरावर जणूं जत्रा भरलेली!

ही वास्तु १८९४ सालीं पुरी झाली. ग्वांगडुंग प्रांतांतील ७२ परगण्यांत विखुरलेल्या चेन आडनांवाच्या घराण्यांनीं वर्गणी करून ती उभारली. त्यांतील कित्येकांनीं एकमेकांचें गांवहि पाहिलें नसेल. आडनांव एक, तेव्हां मूळपुरुषहि एक, एवढ्याच श्रद्धेवर हा पैसा जमला.

मात्र हिचें खरें नांव ‘चेन कुळाचें विद्यालय’ असें आहे. अनेक गांवच्या लोकांनीं एका आडनांवाखालीं एकत्र यावें, हें त्या वेळच्या सरकारी अधिकाऱ्यांना रुचत नसे. अशा जमावांतून भांडणें आणि खटले उद्भवतात, अशी त्यांची तक्रार होती. विद्यालयाला कोण हरकत घेणार? शिवाय हें नांव अगदींच खोटें नव्हतें. राजसेवेच्या परीक्षांसाठीं खेड्यांतून शहरांत येणाऱ्या चेन कुळांतील मुलांना येथें उतरावयास जागा मिळे.

महाद्वारावर दोन रंगविलेले द्वारपाल उभे आहेत. आंत गेलें कीं एकामागून एक दालनें आणि त्यांच्यामध्यें फरसबंद चौक लागतात. एकंदर १९ इमारती आणि सहा चौक. पण रचना इतकी समतोल कीं, वाट चुकत नाहीं. मधल्या मोठ्या दालनाचें नांव ‘गुणिजनसभा’ अशा अर्थाचें आहे. त्याच्या छपराचा कणा २७ मीटर लांब असून, शिवान येथील कुंभारांनीं घडविलेल्या रंगीत मातीच्या २२४ आकृति त्यावर आहेत. खालीं दगडी कठड्यांत ओतीव लोखंडाचे नक्षीदार पत्रे बसविले आहेत. जुन्या कारागिरीला नव्या धातूचा विटाळ वाटला नाहीं, हें मला विशेष वाटलें.

सर्वांत मागें पितरांचें दालन आहे. तेथें कोरीव लांकडाचे उंच देव्हारे आहेत. वर्गणी देणाऱ्या घराण्यांच्या पूर्वजांच्या नांवांच्या लांकडी पाट्या पूर्वीं त्यांत मांडलेल्या असत. त्या मूळच्या पाट्या आज तेथें नाहींत. माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन उभे होते. त्यांनीं रित्या देव्हाऱ्याकडे पाहून किंचित् मान लवविली. नातवानें आजोबांकडे पाहून तसेंच केलें. मग दोघेहि चौकांत जाऊन छपरावरचीं चित्रें पाहूं लागले.

ज्या परीक्षांसाठीं ही सोय केली, त्या १९०५ सालीं बंद झाल्या. वास्तु पुरी होऊन अवघीं अकरा वर्षें झालीं होतीं! पण ती ओस पडली नाहीं. तेथें शाळा भरल्या. १९५९ सालीं प्रांताच्या लोककलांचें संग्रहालय आलें. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळींत कांहीं काळ छापखानाहि चालला. पुढें डागडुजी होऊन संग्रहालय पुन्हां उघडलें, आणि १९८८ सालीं राष्ट्रीय संरक्षित वास्तूंत तिची गणना झाली.

परततांना मनांत एकच विचार घोळत होता. आपल्याकडे पितरांना तिथीला पान वाढतात, पण घास अखेर जिवंतांच्याच मुखीं पडतो. चेन मंडळींनीं पितरांसाठीं घर बांधलें, आणि त्यांत पाय पसरले ते परीक्षेच्या चिंतेनें जागणाऱ्या खेड्यांतल्या मुलांनीं. पाट्या गेल्या, परीक्षा गेल्या. पण येणाऱ्याला आंत घेण्याची त्या घराची संवय गेली नाहीं. पितरांचें ऋण फेडण्याची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाहीं.