थांबा आहे, पण गाडी थांबत नाही

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय आहे क्रिप्टो एक्स्चेंज, बँका आणि पैसे इकडून तिकडे पोचवणाऱ्या कंपन्या यांच्यातली ओढाताण. बिटकॉइन म्हणजे काय हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या कुणालाही विचारावं, नको इतकं ऐकायला मिळेल. ते घ्यावं की घेऊ नये, हेही मी सांगणार नाही. माझे पैसे मुदत ठेवीत आहेत आणि पावतीवर बायकोचंही नाव आहे, त्यामुळे आमच्या घरी तो प्रश्न निघत नाही.

मला एवढंच म्हणायचंय की बँकेला नाही म्हणायचं असेल तर तिनं लेखी नाही म्हणावं. होय म्हणायचं असेल तर लेखी होय. जन्मभर बँकेत काम केलेला माणूस सांगतोय, तोंडी कारभारासारखा वाईट कारभार नाही.

एस.टी.नं फिरलेल्यांना विनंती थांबा माहीत असतो. मोठा रस्ता, त्याला एक फाटा, आणि आत दोन-तीन किलोमीटरवर वाडी. आता ही वाडी म्हणजे क्रिप्टो एक्स्चेंज समजा. रुपया काही चालत वाडीत जात नाही. त्याला बँकेच्या गाडीनं फाट्यापर्यंत यावं लागतं, आणि वाडीतून परतणाऱ्यालाही तीच गाडी लागते. वाडीतली मंडळी कितीही म्हणोत की आम्हाला बँक नको, सरकार नको, आमचं आम्ही बघून घेऊ. किराणा भरायला त्यांना तालुक्याच्या बाजारातच यावं लागतं, आणि बाजारात रुपया चालतो.

रिझर्व्ह बँक २०१३ च्या डिसेंबरपासून लोकांना सावध करत होती. २०१७ मध्ये तिनं आणखी दोनदा बजावलं. पण ६ एप्रिल २०१८ ला तिनं सरळ फाट्यावर पाटी ठोकली, की इथे गाडी थांबणार नाही. ज्या बँकांचे क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार चालू होते त्यांनी तीन महिन्यांत त्यातून बाहेर पडायचं. त्या वेळचं नावाजलेलं एक्स्चेंज झेबपे, त्यानं सप्टेंबरअखेर भारतातले सौदे बंद केले. युनोकॉइनवाल्यांनी बंगळुरातल्या एका मॉलमध्ये रोख पैसे घेणारं-देणारं यंत्रच उभं केलं. बँकेची गाडी नको, आमची बैलगाडी आहे म्हणाले. काही दिवसांतच पोलिसांनी यंत्र उचलून नेलं आणि कंपनीच्या संस्थापकांना अटक झाली.

ती पाटी मला तेव्हाही पटली नव्हती. पण पाटी होती! तिच्यावर तारीख होती, सही होती, कायद्याची कलमं होती. म्हणूनच तिच्याविरुद्ध भांडता आलं. इंटरनेट अँड मोबाइल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ४ मार्च २०२० ला न्यायमूर्ती नरिमन, बोस आणि रामसुब्रमणियन यांच्या पीठानं ती पाटी काढायला लावली. रिझर्व्ह बँकेला अधिकारच नाही असं न्यायालय म्हणालं नाही, हे लक्षात ठेवा, कारण अनेकांनी तसं समजून पेढे वाटले. न्यायालय म्हणालं, अधिकार आहे. पण क्रिप्टोवर देशात बंदी नाही, आणि या एक्स्चेंजांमुळे तुमच्या देखरेखीखालच्या बँकांचं काही नुकसान झालं असं तुम्ही दाखवू शकला नाहीत. मग उपाय प्रमाणाबाहेरचा झाला. बँकेतल्या तरुण मुलांनी तो निकाल एकदा वाचावा. मोठा आहे, पण वाचावा.

पाटी गेली. गाडी मात्र थांबेना.

मे २०२१ मध्ये काही मोठ्या बँकांनी ग्राहकांना ईमेल धाडले, की तुम्ही क्रिप्टोचे व्यवहार करताय असं दिसतं, तरी रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक पाहावं. म्हणजे वर्षापूर्वी कोर्टानं उखडलेल्या पाटीच्या खड्ड्याकडे बोट दाखवून ड्रायव्हर सांगतोय, बघा, इथे थांबायचं नाही! शेवटी ३१ मे २०२१ ला खुद्द रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलं की ते परिपत्रक आता वैध नाही, त्याचा हवाला देऊ नका. त्याच पत्रात पुढे होतं, की ग्राहकाची ओळख, काळा पैसा, दहशतवादाला जाणारा पैसा, परकीय चलन, यांच्या नियमांप्रमाणे खबरदारी मात्र घेत राहा. आता कुठल्या मॅनेजरनं पत्राचा पहिला भाग वाचला असेल आणि कुणी दुसरा, हे मी न विचारता सांगतो. सगळ्यांनी दुसरा वाचला. मीही त्या खुर्चीत असतो तर दुसराच वाचला असता. पहिल्या भागानं कुणाला बढती मिळत नाही, आणि दुसरा विसरला तर चौकशी लागते.

पुढचं वर्ष फार मजेचं आहे. ७ एप्रिल २०२२. कॉइनबेस ही अमेरिकेतली बडी कंपनी बंगळुरात थाटामाटानं कार्यक्रम करून आपल्याकडे आली आणि म्हणाली, यूपीआयनं पैसे भरा. त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं निवेदन आलं की कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज यूपीआय वापरतंय असं आमच्या माहितीत नाही. काय भाषा आहे पाहा! बंदी आहे असं म्हटलं नाही, परवानगी आहे असंही नाही. आगारप्रमुख सांगतो, त्या फाट्यावर आमची एखादी गाडी थांबते हे बुवा आम्हाला ठाऊक नाही. झालं, ज्याला कळायचं त्याला कळलं. चार दिवसांच्या आत कॉइनबेसच्या ॲपवरून यूपीआय गेलं. पुढच्या महिन्यात कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग म्हणाले की रिझर्व्ह बँकेकडून अनौपचारिक दबाव आला होता. तो खरंच आला होता का, कुणी आणला, कुठल्या शब्दांत आणला, हे मी कसं तपासू? तुम्ही कसं तपासाल? कोर्ट कसं तपासेल? कागदच नाही. २०१८ ची पाटी रद्द करता आली. हे फोनवरचं कुजबुजणं कोण रद्द करणार?

आणि गंमत म्हणजे त्याच एप्रिलपासून सरकारनं या धंद्याच्या नफ्यावर ३० टक्के कर बसवला, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करायला मिळणार नाही असंही सांगितलं, आणि १ जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजांना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं, अर्थखात्याच्या एफआययूकडे, म्हणजे फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, नोंदणी करायला लावली. म्हणजे वाडीच्या रस्त्यावर टोलनाका आहे, तिथे पक्की पावती मिळते, वाडीतल्या माणसांची नोंदवही ठेवली जाते. फक्त गाडी थांबते का, एवढंच कुणी सांगत नाही.

मधल्या कंपन्यांचं, पेमेंट गेटवेवाल्यांचं, भराभर सांगतो. हे आपल्या गोष्टीतले कंडक्टर. दुकानदाराचे पैसे गोळा करून ते बँकेतल्या खात्यामार्फत पोचते करतात आणि वर थोडं कमिशन घेतात. त्यांच्या गाडीत शाळांच्या फिया असतात, वीजबिलं असतात, रेल्वेची तिकिटं असतात. बँकेनं नुसत्या भुवया उंचावल्या तरी ते एका एक्स्चेंजसाठी सगळी गाडी पणाला लावत नाहीत. रात्रीत घंटी मारून पुढे निघतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

बँकांना तरी किती द्यावा? बाजू त्यांनाही आहे. 'तुम्हाला डिजिटल अटक झालीय' असं म्हणून एखाद्या निवृत्त शिक्षिकेला कुणी घरात बसवून ठेवतं, तिची पुंजी चार-पाच भाड्याच्या खात्यांतून फिरते आणि शेवटी यूएसडीटी, म्हणजे डॉलरला बांधलेलं नाणं, होऊन देशाबाहेर जाते. मग सगळे विचारतात, बँक काय झोपली होती? वाडीतही काही सगळे साधू नाहीत. मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्सच्या तिजोरीतून १८ जुलै २०२४ ला २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरीला गेले, आणि ग्राहक महिनोन्‌महिने आपल्याच पैशांकडे बघत बसले. तेव्हा बँक म्हणत असेल की आम्हाला त्या फाट्याला जायचंच नाही, तर म्हणू दे. मी तिची बाजू घेईन. पण लिहून म्हणू दे ना!

कारण गाडी थांबली नाही म्हणून माणसं प्रवास सोडत नाहीत. ती वडापनं जातात. साताऱ्या-सांगलीकडच्या श्रोत्यांना वडाप सांगायला नको, जीपमध्ये दहाच्या जागी अठरा माणसं. क्रिप्टोतलं वडाप म्हणजे पी-टू-पी. तुम्ही नाणी विकायला काढता, कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या खात्यात थेट रुपये टाकतो, एक्स्चेंज त्याला नाणी सोडतं. बँकेला दिसतं की एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीला पैसे दिले. सगळे खूश. फक्त जीपमध्ये तुमच्या शेजारी कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नसतं.

आमच्या कॉलनीतल्या एका मुलानं असेच ३२ हजारांचे यूएसडीटी विकले. बहिणीची फी भरायची होती. तीन आठवड्यांनी सकाळी दूधवाल्याचा क्यूआर स्कॅन केला तर पैसे जाईनात. मला म्हणाला, "काका, जरा चला की बँकेत." गेलो. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन आमच्याकडे फिरवली. खात्यावर डेबिट फ्रीझ. शिल्लक लाखाच्या वर, त्यात महिन्याचा पगार, आणि खालच्या शेऱ्यात परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या तक्रारीचा लांबलचक आकडा. म्हणजे ज्यानं ३२ हजार टाकले त्याच्याकडे ते कुणाला तरी फसवून आले होते. नाक्यावर जीप अडवली आणि सगळ्यांना खाली उतरवलं, ज्याच्याजवळ नुसती भाजीची पिशवी होती त्यालाही.

मॅनेजर भला माणूस. आम्हाला बसवलं, चहा मागवला. मी म्हटलं, ३२ हजारांचा वाद आहे तर तेवढे अडवून ठेवा, पोराचा पगार का अडवलात? म्हणाले, "साहेब, वरून आलंय." मी म्हटलं, वर म्हणजे पोलीस, तुमचं मुख्य कार्यालय, की रिझर्व्ह बँक? हसले. मी म्हटलं, बरं, जे आलंय त्याची प्रत द्या. "तशी प्रत देता येत नाही." मग प्रत देता येत नाही एवढं तरी लिहून द्या. त्यावर त्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. चहा चांगला होता.

इथे माझा मुद्दा पुन्हा सांगतो, कारण मघाशी काहीजण चहाच करत असतील. बँक कडक आहे ही माझी तक्रार नाही. बँकेनं कडकच असावं. तिचा कडकपणा कागदावर येत नाही, ही तक्रार आहे. कागदावर आला तर त्याला उत्तर देता येतं, वरच्या अधिकाऱ्याकडे जाता येतं, तो योग्य असेल तर गुमान मान्यही करता येतो. एक्स्चेंजला जो नियम तोच त्या पोरालाही. दोघांनाही फाट्यावर उन्हात उभं केलंय आणि सांगितलंय, बघा, आली तर येईल गाडी.

आणि थोडं तुम्हालाही रागावू द्या. आपण लेखी मागतच नाही. "साहेबांना कशाला दुखवायचं" म्हणून परत येतो आणि मग पारावर बसून बँकेला शिव्या देतो.

काचेपलीकडून निर्मातीणबाई दोन बोटं दाखवतायत. परदेशातल्या बँकांचं सांगायचं होतं. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये सिल्व्हरगेट आणि सिग्नेचर या दोन बँका, ज्या क्रिप्टोवाल्यांना मोकळेपणी दारात उभं करत, एकाच आठवड्यात आटोपल्या, त्यातून आपल्या बँकांनी काय धडा... जाऊ दे, ते आता होत नाही.

कामाचं तेवढं सांगतो. खातं गोठलं तर शाखेत साधा अर्ज द्या. त्यात तीनच गोष्टी विचारा. आदेश कुणाचा, तक्रारीचा क्रमांक काय, आणि वादातली रक्कम किती. वादाच्या रकमेपुरतंच अडवावं, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बँकांना सांगितलंय, त्याचा उल्लेख करा. तक्रारीचा क्रमांक मिळाला की संबंधित पोलिसांना ईमेल करा, सोबत एक्स्चेंजवरच्या सौद्याची पावती जोडा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. आणि शाखेतला अर्ज दोन प्रतींत न्या. एक त्यांना, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. ते म्हणतील, शिक्का सापडत नाही. उठू नका, बसून राहा. सापडतो.