कळण्याची भाकरी आणि जेवणावरचा चहा

मोताळा परिसरात थंडी पडली की कळण्याची भाकरी आलीच. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात भरपूर. म्हणून या जोडीतून प्रथिनं चांगल्या प्रतीची मिळतात. सोबत ठेचा हवाच, पण मीठ बेतानं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ५ ग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. लोणचं, पापड, शेव यांतलं मीठही त्यातच धरायचं! जोडीला मेथीची भाजी असेल तर तिच्यावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणावरचा चहा मात्र तेच लोह अडवतो. आपल्याकडे तर हात धुताच आधण ठेवतात. निदान तासभर थांबा.