दुसरी ओळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गझलेच्या शेरात ओळी दोनच असतात. पहिलीला उला मिसरा म्हणतात, दुसरीला सानी मिसरा. सानी म्हणजे दुसरा. पहिली ओळ विषय काढते, दुसरी तो तडीस नेते. मुशायऱ्यात पहिली ओळ ऐकताना लोक कान टवकारतात आणि दाद उठते ती दुसरीवर. पण ती दुसरी ओळ एकटी म्हणून पाहा. ऐकणारा विचारील, मग पुढं काय, नि आधी काय?

सानिया मिर्झाचं नाव उर्दूत ज्या अक्षरांनी छापतात, त्याचाही अर्थ होतो ‘दुसरी’. हा निव्वळ योगायोग. पण ११ जुलै २०१५ च्या संध्याकाळी विम्बल्डनच्या महिला दुहेरीचा अंतिम सामना टीव्हीवर पाहताना तो माझ्या मनातून जाईना. आज मी त्या सामन्याबद्दल बोलणार आहे, आणि थोडंसं या ‘दुसरी’ शब्दाबद्दल.

टेनिसमध्ये दुहेरीला दुसरीच मानतात. एकेरीचं मैदान २७ फूट रुंद असतं, दुहेरीचं ३६ फूट. दोन्ही कडांच्या साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या एकेरीच्या वेळी पडीक जमिनीसारख्या असतात. दुहेरी सुरू झाली की त्या लागवडीखाली येतात. मैदान मोठं, मान मात्र लहान. विम्बल्डनमध्ये महिला एकेरी १८८४ साली सुरू झाली. महिला दुहेरीला अधिकृत विजेतेपदाचा दर्जा मिळायला १९१३ उजाडलं. २००७ पासून तिथं पुरुषांना आणि महिलांना सारखंच बक्षीस मिळतं. एकेरी-दुहेरीतली दरी मात्र राहिली. २०१५ मध्ये एकेरीच्या विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड होते आणि दुहेरीच्या जोडीला, दोघींत मिळून, ३ लाख ४० हजार. म्हणजे एकीच्या वाट्याला एकेरीवालीच्या अकरावा हिस्सा.

त्या दिवशी सेंटर कोर्टवर सानियाच्या सोबतीला होती मार्टिना हिंगीस. दोघींचा इतिहास लक्षात घ्या. हिंगीसनं १९९७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी विम्बल्डनची एकेरी जिंकली. पुढं घोट्याच्या दुखापतींनी बावीसाव्या वर्षीच खेळ थांबवला. ती परतली, पुन्हा थांबली आणि २०१३ पासून दुहेरीत नव्यानं उभी राहिली. सानिया जन्मानं मुंबईची, वाढली हैदराबादेत. २००७ मध्ये ती एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर होती. पण गुडघ्यांच्या आणि मनगटाच्या शस्त्रक्रियांनंतर २०१३ मध्ये तिनं एकेरी सोडली. अशा दोघींनी मार्च २०१५ मध्ये हात मिळवले आणि पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला.

दुहेरीत एक गोष्ट मला फार आवडते. सर्व्हिस करणारी मागं असते, तिची जोडीदार जाळ्यापाशी. जाळ्यापाशी उभी असलेली पाठीमागं हात नेऊन बोटांनी खूण करते आणि मागचीला कळतं, ही आता कुठं धावणार. मग पहिली असा चेंडू टाकते, की परतून येणारा फटका दुसरीच्या हाती पडावा. सानियाचा फोरहँड जबरदस्त. तो प्रतिस्पर्ध्याला मागं रेटायचा. हिंगीस जाळ्यापाशी हलक्या हातानं चेंडू अशा जागी ठेवायची, जिथं कुणीच नाही. उला आणि सानी! टाळ्या पडायच्या शेवटच्या फटक्यावर, पण गुणाचं खरं काम आधीच झालेलं असायचं.

समोर होत्या एकातेरिना माकारोव्हा आणि येलेना व्हेस्निना. पहिला सेट या रशियन जोडीनं ७-५ असा घेतला. दुसरा सानिया-मार्टिनानं टायब्रेकरवर कसाबसा ओढून आणला. तिसऱ्यात त्या २-५ नं मागं पडल्या. पराभव एका गेमच्या अंतरावर उभा होता. तिथून त्यांनी एकेक गेम परत मिळवला. ३-५, ४-५, ५-५. तोवर उजेड सरला होता. खेळ थांबवून छत मिटलं गेलं, दिवे लागले. पुन्हा खेळ सुरू झाल्यावर या दोघींनी रशियन जोडीची सर्व्हिस भेदली आणि सेट ७-५ असा संपवला. हिंगीसला महिला दुहेरीचं विम्बल्डन सतरा वर्षांनी पुन्हा मिळालं. ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला दुहेरी जिंकणारी पहिली भारतीय म्हणून सानियाचं नाव लागलं.

समोरची व्हेस्निना ही सानियाची जुनी जोडीदार. २०११ मध्ये या दोघी मिळून फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत गेल्या होत्या. पुढं सानिया-मार्टिनानं अमेरिकन आणि २०१६ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धाही जिंकली, सलग ४१ सामने जिंकले. तो विजयरथ दोह्यात अडवणाऱ्या जोडीत व्हेस्निनाच होती. त्याच ऑगस्टमध्ये माकारोव्हा-व्हेस्निनानं हिंगीसच्या जोडीला हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि २०१७ मध्ये विम्बल्डनही जिंकलं. सानिया-मार्टिना २०१६ मध्ये वेगळ्या झाल्या आणि लगेच सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. त्यात सानियाची जोडी जिंकली. काल जी बोटांची खूण समजत होती, तिच्यावरच आज मात करायची. वैर न धरता हे करता येतं, हे मला राजकारणात क्वचित दिसलं, कवींमध्ये त्याहून क्वचित.

याच विम्बल्डनवर १९५६ मध्ये एका वेगळ्याच जोडीनं ही स्पर्धा जिंकली होती. अल्थिया गिब्सन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय, अँजेला बक्स्टन इंग्लंडमधली ज्यू. एकीला रंगामुळं क्लबांची दारं बंद, दुसरीला धर्मामुळं. म्हणून दोघी एकमेकींच्या झाल्या. तेव्हा खेळ हौशी होता. जिंकूनही पैसा नव्हता. चार दशकांनी आजारी, कफल्लक झालेल्या गिब्सननं फोन केला तो बक्स्टनलाच. बक्स्टननं पैसे पाठवले आणि टेनिसच्या जगातून मदत गोळा करून दिली. सामना संपला होता, जोडी संपली नव्हती.

शेरातल्या दोन ओळी एका अर्थाच्या असाव्या लागत नाहीत. वृत्त एक असावं लागतं. हैदराबाद आणि स्वित्झर्लंड, कृष्णवर्णीय आणि ज्यू, चाल जमली की ओळी जमतात.

सानियाबद्दल आपल्याकडं कितीतरी जण म्हणायचे, ‘एकेरीत काय केलं? जिंकली ती दुहेरीतच ना?’ त्या ‘च’मध्ये आपली एक जुनी खोड दडलेली आहे. जे एकट्यानं मिळवलं तेच खरं, वाटून मिळालं ते अर्धं, असा आपला हिशेब. घरात, शेतात, शाळेत ज्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या हाती नीट चेंडू देण्यात गेलं, त्यात बाया जास्त, त्या या हिशेबात कुठंच बसत नाहीत. त्यांचा कुणी विजेता म्हणून पुकारा करत नाही.

पण शेर अर्धा कुणाचा नसतो. विम्बल्डनच्या दुहेरीचं विजेतेपदही दोन नावांचं असतं.