गिअरबॉक्सचं तेल आणि पार्किंगमधला तो डाग

(रौप्यमहोत्सवी वर्षात, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये झालेल्या गाडी-देखभालीच्या कार्यक्रमातील भाषण)



सचिवसाहेबांनी मला सांगितलं, “तुम्ही घरच्या घरी ऑटोमॅटिक गाडीचं तेल बदलता, त्यावर दहा मिनिटं बोला.” मी लगेच हो म्हणालो, कारण या विषयावर मला एक कबुलीही द्यायची आहे. ती शेवटी देतो.

आमची गाडी आय-टेन, २०१० सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक. सौ.च्या डाव्या गुडघ्याला क्लच सोसेना, म्हणून सेकंडहँड घेतली. तेव्हा बरेच जण म्हणाले, “ऑटोमॅटिक? बिघडली तर गाडीच्या किमतीएवढा खर्च येईल.” त्यात तथ्य होतं. म्हणूनच मी तेलाच्या मागे लागलो.

साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स क्लचच्या प्लेटने जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेल करतं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल आणा, झाला टॉर्क कन्व्हर्टर. शिवाय हेच तेल दाब देऊन आतले क्लच दाबतं, दातेचक्रांना वंगण पुरवतं आणि उष्णता वाहून नेतं. एका नोकराकडे चार कामं! कळंबोली सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये आणि बोरघाटाच्या चढावर त्याची खरी परीक्षा होते. गणपतीला आपल्या पनवेलपासूनच गोवा हायवेवर जी रांग लागते, तिथे तर तेल तासन्‌तास तापत असतं.

मुलांसाठी एक गोष्ट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत या तेलात देवमाशाच्या तेलाचा अंश मिसळत असत. देवमाशाला संरक्षण मिळालं आणि रसायनतज्ज्ञांना नवा पदार्थ शोधावा लागला. म्हणजे गिअरबॉक्सचाही समुद्राशी संबंध होता!

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट, आपली गाडी कोणती ते ओळखा. २०१४ च्या सेलेरियोपासून आपल्याकडे ज्या एएमटी गाड्या आल्या, त्यांत गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. त्यांचा हा विषय नाही. सीव्हीटीचं तेल वेगळं. काही नव्या गाड्यांत तेलाची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच नसते. तेलाचं तापमान मोजून पातळी ठरवावी लागते. त्या गाड्या घरी उघडू नका. पट्टी असलेल्या जुन्या गाड्यांचंच मी सांगतोय.

दुसरी गोष्ट, तेल कोणतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. आमच्या गाडीला एसपी-थ्री लागतं. रंग लाल आहे म्हणून कुठलंही लाल तेल चालत नाही. तो रंग मुद्दाम घातलेला असतो.

तिसरी गोष्ट जिवाची. टायर बदलायच्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नका. पक्की, सपाट जागा, चाकांना अडसर आणि गाडीखाली लोखंडी स्टँड. गाडी हाताने हलवून पाहा, मगच खाली जा. तेल कोमट असू द्या, उकळतं नको. आणि एकट्याने करू नका, कुणीतरी जवळ असावं.

खाली घमेलं ठेवून ड्रेन प्लग सोडायचा. निघालेलं तेल मापाने मोजायचं. हे फार महत्त्वाचं, कारण जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं असतं. प्लगला नवा वॉशर लावून तो घट्ट करायचा, पण पान्यावर लटकायचं नाही. मग पट्टीच्या नळीत लांब नरसाळं लावून नवं तेल हळूहळू ओतायचं. पट्टी धागे न सुटणाऱ्या फडक्यानेच पुसायची. आत गेलेला धागा नको तिथे अडकतो.

एका वेळी सगळं तेल निघत नाही. बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा दर वेळी ४० टक्के निघालं, तर एकदा केल्यावर ४० टक्के नवं, दोनदा केल्यावर ६४ आणि तीनदा केल्यावर सुमारे ७८ टक्के. म्हणून मधे काही दिवस गाडी चालवून मी तीनदा केलं.

जुनं तेल बोटांत चोळून पाहा. तपकिरी झालं असेल तर वय झालं. काळं आणि जळका वास असेल किंवा धातूचे कण टोचत असतील, तर गॅरेजला दाखवा. गिअर आधीच घसरत असेल तर नवं तेल तो बरा करत नाही. आणि गुलाबी ताकासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. २६ जुलै २००५ जुन्या सभासदांना आठवत असेल. पुरात बुडालेली गाडी चालू करू नका, टो करून न्या.

आता कबुली. तेलाची पातळी गरम गाडीवर पाहायची असते. पंधरा-वीस मिनिटं चालवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, ब्रेकवर पाय दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही क्षण थांबायचं आणि मग पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरमध्ये पट्टी पाहायची. तेल साधारण ७० ते ८० अंशांना आलेलं असतं. पहिल्या वेळी मी मात्र थंड गाडीवर पाहिलं. तेल गरमच्या खुणेखाली दिसलं, म्हणून आणखी ओतलं. गरम झाल्यावर ते फुगलं, फेसाळलं आणि हवेच्या नळीतून बाहेर आलं. सकाळी पार्किंगमध्ये हा एवढा डाग! बी विंगचे काका त्यावरून घसरले. खांब हाताला लागला म्हणून वाचले.

संशय आला शेजारच्या जुन्या स्कूटरवर. नोटीस लागली. दोन दिवस मी ती नोटीस वाचून पुढे जात राहिलो. तिसऱ्या दिवशी स्कूटरवाल्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली, तेव्हा मात्र राहवलं नाही. संध्याकाळी काकांच्या आणि त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. काका म्हणाले, “तेल सांडलं त्याचं काही नाही हो, दोन दिवस गप्प बसलात त्याचं वाईट वाटलं.” ते वाक्य अजून विसरलो नाही. आज ते दोघंही पहिल्या रांगेत आहेत. पुन्हा एकदा माफी मागतो.

पुढे वार्षिक सभेत पार्किंगमध्ये दुरुस्तीला सरसकट बंदीचा ठराव आला होता. पण चर्चेअंती बंदीऐवजी नियम झाले. आधी कमिटीला कळवायचं, फक्त रविवारी सकाळी, खाली प्लास्टिक आणि पुठ्ठा अंथरायचा, सांडलंच तर लाकडाचा भुसा टाकून टिपायचं, पाण्याने धुवायचं नाही. जुनं तेल गटारात तर मुळीच नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे, आणि आपल्या गटाराचं पाणी शेवटी गाढी नदीतून खाडीत जातं. डब्यात भरून, वापरलेलं तेल अधिकृत पुनर्वापरासाठी देणाऱ्या गॅरेजकडे पोचवायचं. भुसाही त्याच वाटेने.

माझे स्टँड, घमेलं आणि लांब नरसाळं आता वॉचमन केबिनमागच्या कपाटात आहेत. वहीत नाव लिहा आणि खुशाल न्या. फक्त गरम गाडीवर पट्टी पाहा, आणि चूक झालीच तर त्याच दिवशी सांगा.