चंची गेली आणि वारीही गेली
(फलटण मुक्कामी, दिंडीच्या तळावर झालेल्या कीर्तनातून)

मायबाप हो, अभंगाचं निरूपण झालं. आता थोडा वेळ आपल्या घरातलं बोलू. माईकवाले दादा, आवाज जरा कमी करा, शेजारच्या दिंडीत हरिपाठ चाललाय.

आज तरडगावहून येताना आपल्यातला एक तरुण टाळकरी माझ्याजवळ आला आणि हात पुढं केला. तळहातावर मळलेली तंबाखू. "घ्या महाराज, चिमूटभर." प्रेमानं दिली बरं का! मी त्याला बोल लावत नाही. शेजारणीकडं वाटीभर साखर मागायची तर माणूस दहादा विचार करतो, पण तंबाखू? एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडं मागतो. सावकार गड्याकडं मागतो. देणाराही नाही म्हणत नाही. दोघं मिळून मळतात, थाप मारतात, बार भरतात, आणि गालात गोळी गेली की सुखदुःखाचं बोलायला लागतात. म्हणून तर ती सुटत नाही. नुसतं पान सोडायचं असतं तर सोपं होतं, इथं सोबत सोडावी लागते.

मी म्हणलं, "माउली, मी सोडली." त्यावर तो काय म्हणाला? "महाराज, माळकऱ्याला मांस वर्ज्य, मद्य वर्ज्य. तंबाखूचं कुठं लिहिलंय? ज्ञानेश्वरीत दाखवा."

प्रश्न चांगला आहे. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांच्या मनात हाच आहे. अहो, ज्ञानेश्वरीत ती सापडेल कशी? ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. माउलींनी समाधी घेतली १२९६ ला. तंबाखूचं झाड मूळचं अमेरिकेतलं. कोलंबस तिकडं पोचला १४९२ साली, आणि त्यानंतर कधीतरी पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडं उतरली. माउलींनी तंबाखूचं पान डोळ्यानंही बघितलं नव्हतं. जे नव्हतंच त्याला मनाई कशी लिहितील? म्हणून ग्रंथात जागा शोधू नका.

(भजन : विठ्ठल, विठ्ठल)

आता माझं सांगतो. कीर्तनकारानं दुसऱ्याचे दोष सांगू नयेत, स्वतःचे पुष्कळ असतात.

माझ्या गळ्यात माळ विसाव्या वर्षी पडली आणि कमरेला चंची त्याच्या आधीच लागलेली. एका कप्प्यात तंबाखू, एकात सुपारी, चुन्याची डबी वेगळी. सप्ताहात दोन तास विण्याचा पहारा असायचा. वीणा गळ्यात, तोंडात नाम आणि गालात गोळी. थुंकायला जाता येत नाही, वीणा खाली ठेवता येत नाही. रस गिळायचा. पोटात आग पडायची, पण मी गिळायचो. नाम आणि रस एकाच घशातून चाललेले! मला तेव्हा त्याचं काहीच वाटायचं नाही, हे आज जास्त लागतं.

मग एका आषाढीला मनानं घेतलं. चंद्रभागेत उभा राहिलो, कळसाकडं बघून हात जोडले आणि चंची पाण्यात सोडली. (ती नदीत टाकली हेही चुकलंच, पण तो विषय वेगळा.) देवाला शब्द दिला, पुन्हा शिवणार नाही. एकादशी गेली, द्वादशी गेली. डोकं जड, झोप नाही, पोट साफ नाही. त्रयोदशीला मृदंगमणींवर ओरडलो, ठेका बरोबर असताना ओरडलो. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला, लाह्यांचा प्रसाद हातात, आणि त्याच हातानं मी टपरीवरून पुडी घेतली.

पाच दिवस. एवढाच माझा शब्द टिकला.

बरं, तंबाखू परत आली एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पुढच्या वर्षी ज्येष्ठात दिंडीत नाव लिहायची वेळ आली आणि मी नाव दिलं नाही. लोकांना सांगितलं, गुडघा दुखतोय. गुडघा उत्तम होता. देवापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? तोंडात काय आहे ते त्याला माहीत! चंची सोडायला गेलो आणि वारी सोडून बसलो. पालखी निघाली तेव्हा मी घराचं दार लावून घेतलं होतं. टाळ ऐकू येऊ नयेत म्हणून.

त्यापुढच्या वर्षी आमच्या दिंडीतल्या आक्का दारात आल्या. सगळे त्यांना आक्काच म्हणतात. डोक्यावर तुळस घेऊन आमच्या पुढं चालतात. म्हणाल्या, "महाराज, गुडघ्याचं सोंग पुरं करा. मला माहितेय काय दुखतंय ते." मी सगळं सांगितलं, शब्द मोडला तेही. आक्का हसल्या आणि कमरेची डबी काढून दाखवली. मिसरी! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, वाटायची आणि दिवसातून चारदा दातांना लावत बसायचं. म्हणाल्या, "मी आठ वेळा सोडली. दिवे घाटात तुम्ही किती वेळा खाली बसलात? बसला म्हणून कुणी तुम्हाला पुण्याला परत धाडलं का? पाणी पाजलं, हात दिला, उठवलं. नाव लिहा. चंचीसकट चला."

चंचीसकट चला! आजवर कुणा विद्वानानं मला असं सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी चंचीसकट गेलो. पांडुरंगाला काही वचन दिलं नाही. घरी आल्यावर ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टर पोरगेला होता. त्यानं आधी विचारलं, दिवसात कितव्यांदा आणि कधी कधी. जेवल्यावर, चहानंतर, कीर्तनाआधी, परसाकडला जाताना. त्यानं समजावलं ते तुम्हालाही सांगतो. तंबाखूत निकोटीन असतं, आणि चुना लावला की ते गालाच्या कातडीतून झटकन रक्तात शिरतं. चुन्याशिवाय चघळली तर तेवढी चढत नाही, हे मळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण ठाऊक नसतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, मग तीन-चार आठवड्यांत शरीर सैल सोडतं. मी म्हणलं, अरेरे, आम्ही गोपाळपुरापर्यंत आलो होतो, वाईट दिवस मागं पडले होते!

त्यानं निकोटीनचा च्युइंगम दिला. थोडा चावायचा आणि गालात ठेवायचा. मी शेंगदाण्यासारखा चावला, तासभर उचक्या. आमची मंडळी म्हणाली, कोण आठवण काढतंय? म्हणलं, चंची.

कार्तिकी एकादशी ठरवली. आधी घरात सांगितलं, भजनी मंडळात सांगितलं की मला कुणी देऊ नका, मी मागितली तरी. तलफ येते ती लाटेसारखी, पाच-दहा मिनिटांत ओसरते. हरिपाठाचे तीन अभंग म्हणेपर्यंत ती खाली जाते. कुणी म्हणेल, मग नामच पुरे, डॉक्टर कशाला? अहो, पायाला फोड आला तर नाम घेतच मलम लावता ना? नामाचं आणि औषधाचं भांडण तुम्ही का लावता?

मध्ये एका तेराव्याला पुन्हा एक चिमूट घेतलीच. पण दुसऱ्या दिवशी दार लावून बसलो नाही. आक्कांना फोन केला. त्या म्हणाल्या, "बसलात का घाटात? उठा."

(भजन : विठ्ठल, विठ्ठल)

आता सगळ्यांनी एक करा. आपल्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात जातात का बघा. बायकांनीही. लाजू नका, अंधार आहे. गुटखा, सुपारी खाणाऱ्याचं तोंड आतून कडक होत जातं, उघडेनासं होतं. गुटख्याला आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते. आपण दोन्ही एकत्र करतो. ज्याची तीन बोटं गेली नाहीत, किंवा गालात पांढरा चट्टा आहे, भरत नाही असा फोड आहे, त्यानं पंढरपूरची वाट बघू नये. वाटेवर आरोग्य खात्याचे दवाखाने लागतात, उद्याच तोंड दाखवा. वेळेत दाखवलं तर पुष्कळ वाचतं.

ही थोड्या लोकांची गोष्ट नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० मोठ्या माणसांमागं साधारण २४ जण अशी तोंडात ठेवायची तंबाखू घेणारे निघाले. विडी-सिगारेटवाले चारसुद्धा नाहीत. म्हणजे या मंडपात किती, हिशेब करा. पुडीवर फोनचा नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. आपण चित्र दिसू नये म्हणून पुडी उलटी धरतो आणि नंबरही दिसत नाही.

आक्का इथंच बसल्यात, तुळशीशेजारी. चारदाची मिसरी सकाळच्या एकदावर आली आहे. ती एक अजून सुटलेली नाही. मी त्यांना विचारूनच हे बोललो. त्या म्हणाल्या, "सांगा. पण सुटली असं खोटं सांगू नका."

आणि तो दुपारचा टाळकरी, कुठं बसलाय? हां. हात वर नको करू, मला दिसलास. उद्या बरडला जाताना माझ्याबरोबर चाल. पुडी खिशात असू दे, फेकायची घाई नको. तलफ आली की सांग. आपण दोघं हरिपाठ म्हणू, आणि ती ओसरली की पुढं चालू. उद्या पहाटे काकडा साडेतीनला, राहुट्या त्याआधी सुटल्या पाहिजेत. पाण्याचा टँकर डाव्या हाताला उभा आहे. रामकृष्ण हरी!