नोंदवहीत कवीचा रकाना

ऐकलेल्या गाण्यांचा हिशेब ठेवणारी माणसं पूर्वीही होती. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि तिचे शौकीन दर बुधवारी वही-पेन्सिल घेऊन बसू लागले. झुमरी तलैयाच्या श्रोत्यांनी तर फर्माइशीची इतकी पत्रं पाठवली, की त्या गावाचं नाव देशभर झालं. आपण काय ऐकतो याची कुठेतरी नोंद व्हावी, ही हौस जुनीच आहे.

आता ही वही संगणकानं हाती घेतली आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात रिचर्ड जोन्स या विद्यार्थ्यानं २००२ मध्ये ‘ऑडिओस्क्रॉबलर’ नावाचा प्रकल्प केला. संगणकावर वाजलेलं प्रत्येक गाणं इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात आपोआप टिपलं जाई. २००५ मध्ये हा प्रकल्प लंडनच्या ‘लास्ट डॉट एफएम’मध्ये सामील झाला, आणि अशा नोंदीला ‘स्क्रॉबल’ हे नाव रूढ झालं. नियमही ठरला : गाणं ३० सेकंदांहून मोठं हवं, आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं वाजलं की ‘ऐकलं’! म्हणजे तासाभराचा ख्याल ४ मिनिटांतच ऐकून होतो.

पण एसटीत किंवा शेतावर, जिथे इंटरनेट नाही, तिथे खिशातल्या प्लेअरवर ऐकलेल्या गाण्यांचं काय? ‘रॉकबॉक्स’ ही प्रणाली घातलेला प्लेअर अशा वेळी एका साध्या फाइलीत ओळी लिहीत जातो. गायक, अल्बम, गाणं, लांबी, वेळ. शिवाय एक अक्षर : ऐकलं तर ‘एल’, मध्येच सोडलं तर ‘एस’. घरी आल्यावर ही फाइल एकगठ्ठा पाठवायची. त्यासाठी छोटे छोटे प्रोग्राम आहेत. त्यांत चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून हुकूम सोडायचा, की प्रोग्राम फाइल वाचून नोंदी रवाना करतो. एका खेपेला फार तर ५०. घड्याळ मात्र समजावून द्यावं लागतं. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तेवढं सांगायचं राहिलं, तर सकाळी सहाला ऐकलेला भैरव साडेअकराला ऐकल्याची नोंद होते.

माझ्या भाच्यानं हे सगळं मला करून दाखवलं. फाइलीत ‘गीतरामायण’ होतं, ५६ गीतं. एका खेपेत ५०, दुसऱ्या खेपेत ६ गेली. प्रत्येक ओळीत नाव होतं सुधीर फडक्यांचं. मी विचारलं, “आणि गदिमा?”

“मामू, त्यांना रकाना नाही.”

१ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ही गीतं ऐकवली गेली. एका कवीनं ती लिहिली, आणि त्याच कवीला नोंदवहीत जागा नाही. दोष त्या प्रोग्रामचा नाही. तिकडे सक्तीचे रकाने तीनच : कलाकार, गाणं आणि वेळ. जे रकान्यात नाही, ते बेरजेतही येत नाही. साहिर लुधियानवींची गाणी जन्मभर ऐकणाऱ्या माणसाच्या आवडत्या कलाकारांच्या यादीत रफी येतील, लता येतील. साहिर येणार नाहीत. याच साहिरनी, आकाशवाणीवर गायक-संगीतकारांबरोबर गीतकाराचंही नाव सांगितलं जावं, असा आग्रह धरला होता. रेडिओनं तो मानला. मुशायऱ्यात तर आधी शायराचं नाव पुकारतात, मग कलाम ऐकतात. शब्द कुणाचे, हे कळल्याशिवाय दाद द्यायची कुणाला?

उपाय साधा आहे. ती फाइल आपलीच असते, साध्या मजकुराची. पाठवण्याआधी तिची एक प्रत घरी ठेवा आणि तीत एक रकाना वाढवा. हा रकाना इंटरनेटवर जाणार नाही. पण तुमच्या नातवंडांना ही वही सापडेल, तेव्हा तो तिथे असेल.

भाच्यानं असा रकाना केला आहे. तो गाण्याचं नाव वाचतो, मी गीतकार सांगतो. काही ओळींपुढची जागा अजून कोरी आहे. त्यांच्यासाठी जुन्या कॅसेटींची वेष्टनं शोधणं चालू आहे.